झऱ्याचा धनी : गुस्ताव्ह लेव्हेन आणि ‘शुद्धते’चा व्यापार

फ्रान्समधील ‘पेरिए’ या बाटलीबंद पाण्याच्या कंपनीचा चार दशकांहून अधिक काळ सर्वेसर्वा राहिलेला गुस्ताव्ह लेव्हेन २००८ साली वारला. १९१४ साली जन्मलेल्या या गृहस्थाला दीर्घायुष्य लाभले आणि मरणोत्तर स्तुतीही भरपूर लाभली. भांडवली वृत्तपत्रे आणि व्यवस्थापनशास्त्राची पाठ्यपुस्तके यांचा त्याच्याविषयीचा सूर एकच आहे : पाण्यासारख्या फुकटच्या वस्तूतून संपत्ती निर्माण करणारा द्रष्टा उद्योजक. जमिनीतून आपसूक वर येणारे पाणी त्याने हिरव्या बाटलीत भरले, त्याला कित्येक ठिकाणी दुधाहून चढा भाव मिळवून दिला आणि साऱ्या जगाला पाणी विकत घ्यायला शिकवले, असे हे गुणगान आहे. त्यातील शेवटचे वाक्य खरे आहे. जगाला पाणी विकत घ्यायला शिकवण्यात या माणसाचा वाटा निःसंशय मोठा आहे. परंतु त्याने संपत्ती ‘निर्माण’ केली, हे जे गृहीत धरले जाते, त्याची मात्र चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

पाण्याइतके उपयुक्त काही नाही आणि तरी पाण्याच्या मोबदल्यात काहीच मिळत नाही, हे कोडे ॲडम स्मिथने १७७६ सालीच मांडले होते. ज्या वस्तूला उपयोगमूल्य अफाट आहे तिला विनिमयमूल्य नाममात्र का, हा त्याचा प्रश्न. लेव्हेनचे चाहते म्हणतात की त्यांच्या नायकाने हे कोडे उलटे करून दाखवले. ‘भांडवल’च्या एंगेल्सने १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या तिसऱ्या खंडात मार्क्सने याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. तेथे त्याने धबधब्याचे उदाहरण घेतले आहे. धबधब्यावर गिरणी चालवणाऱ्याला वाफेवर गिरणी चालवणाऱ्यापेक्षा जो जादा नफा पडतो, तो त्याच्या भांडवलातून येत नाही. मक्तेदारीत बंदिस्त करता येईल अशी एक निसर्गशक्ती त्याच्या हाती असते म्हणून तो येतो. धबधब्याची मालकी तो जादा नफा निर्माण करीत नाही, ती फक्त तो खिशात घालण्याचा अधिकार देते. लेव्हेनच्या साऱ्या कारकिर्दीचे मर्म या एका उदाहरणात सामावलेले आहे. त्याच्या हाती एक झरा होता आणि त्या झऱ्याचे नाव होते. उरलेले सर्व कामगारांनी केले.

श्रीमंतांच्या मेजवानीतल्या पाण्याशी श्रमिकांच्या पक्षाला काय देणेघेणे, अशी शंका येथे कोणी घेईल. पेरिएची बाटली आपल्या देशात पंचतारांकित हॉटेलांबाहेर क्वचितच दिसते, हे खरेच आहे. परंतु चैनीची वस्तू म्हणून भांडवल जो धडा गिरवते तोच ते पुढे गरिबाच्या घशाखाली उतरवते. पेरिएच्या बाबतीत हे कसे घडले ते पुढे येईलच.

मुद्गलाच्या आकाराची बाटली

दक्षिण फ्रान्समधील गार जिल्ह्यात, नीम शहराजवळ, व्हेर्जेझ नावाचे गाव आहे. तेथील ‘ले बुयां’ या जागी जमिनीतून वायूयुक्त पाणी बुडबुडत वर येते. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत, १८६३ साली, ते नैसर्गिक खनिज जल म्हणून विकण्यास सरकारी परवानगी मिळाली. १८९८ साली लुई पेरिए नावाच्या डॉक्टरने झरा विकत घेतला आणि १९०३ साली तो सेंट जॉन हार्म्सवर्थ नावाच्या श्रीमंत इंग्रजाच्या हाती गेला. हा हार्म्सवर्थ म्हणजे ‘डेली मेल’चा मालक लॉर्ड नॉर्थक्लिफ याचा धाकटा भाऊ. थोरल्याने इंग्रज मध्यमवर्गाला साम्राज्याची नशा विकली, धाकट्याने त्या नशेवरचा उतारा विकला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कारण पेरिएचे पाणी ब्रिटिश साम्राज्यातील अधिकाऱ्यांच्या आणि क्लबांच्या व्हिस्कीत मिसळण्यासाठीच प्रामुख्याने खपू लागले.

१९०६ साली मोटार अपघातात हार्म्सवर्थ अपंग झाला. हातांचा व्यायाम म्हणून तो लाकडी मुद्गल फिरवीत असे. आपल्याकडील तालमींतले हे साधन कंपनी सरकारच्या फौजेतील गोऱ्या अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला नेले होते आणि तेथे ते ‘इंडियन क्लब’ या नावाने रूढ झाले होते. त्या मुद्गलाच्या आकारावरून पेरिएच्या बाटलीचा आकार घेतला गेला. आज ती बाटली फ्रेंच अभिरुचीचा नमुना म्हणून मिरवली जाते. फ्रेंच गावाचे पाणी, इंग्रजाचे भांडवल, हिंदी पैलवानाचा मुद्गल आणि वसाहतींतले गिऱ्हाईक, असा या ‘खास फ्रेंच’ मालाचा जन्मवृत्तांत आहे. हार्म्सवर्थ १९३३ साली वारला. दुसऱ्या महायुद्धाने साम्राज्याची बाजारपेठ मोडली आणि झरा विक्रीला निघाला.

शेअरबाजारातून झऱ्याकडे

येथे लेव्हेनचा प्रवेश होतो. तो इंजिनियर नव्हता, रसायनशास्त्रज्ञ नव्हता, पाण्याचा जाणकारही नव्हता. तो पॅरिसच्या शेअरबाजारातला दलाल होता. १९४७ साली विकायला निघालेला झरा पाहायला तो व्हेर्जेझला गेला आणि स्वतःच तो घेऊन बसला. तेथे त्याला जुनाट यंत्रसामग्री आणि हाताने बाटल्या भरणारे कामगार दिसले. त्याला आणखीही एक गोष्ट दिसली, आणि तिचे श्रेय त्याला नाकारण्याचे कारण नाही : ज्या मालाचा कच्चा माल फुकट येतो आणि ज्याची किंमत नावावर ठरते, असा माल जगात दुसरा नाही.

ते वर्ष कोणते होते, याचा उल्लेख मृत्युलेखांत सापडत नाही. १९४७ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या मंत्रिमंडळातून कम्युनिस्ट मंत्र्यांना काढून टाकण्यात आले. रेनोच्या कारखान्यातील संप त्याला निमित्त झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस भाववाढ आणि गोठवलेली मजुरी यांविरुद्ध फ्रान्सभर संपांची प्रचंड लाट उसळली आणि सरकारने ती सैन्य व पोलीस वापरून मोडून काढली. पाव शिधापत्रिकेवर मिळत होता. नाझींविरुद्धच्या प्रतिकारात ज्यांनी रक्त सांडले त्या कामगारवर्गाला मागे रेटून भांडवलाने पुन्हा आपली मांड ठोकली, ते हे वर्ष. शेअरबाजाराला पुढची तीस वर्षे नफ्याची दिसू लागली ती या पराभवानंतर, केवळ कोणा एकाच्या ‘दूरदृष्टी’मुळे नव्हे.

लेव्हेनने यंत्रे आणली, भरणा वाढवला, जाहिरातीवर पैसा ओतला. १९५४ साली ‘प्शीत’ नावाचे गोड पेय काढले. पेप्सी-कोला फ्रान्समध्ये बाटलीबंद करण्याचे कंत्राट त्याच्या कंपनीकडे होते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. अमेरिकी पेयसाम्राज्याशी या फ्रेंच ‘राष्ट्रीय’ उद्योगाचे वैर कधीच नव्हते. त्याबरोबरच एकामागून एक झरे त्याने गिळायला सुरुवात केली. काँत्रेक्सव्हील, व्होल्व्हिक, व्हिशी, सँ-योर : फ्रान्सच्या नकाशावरील पाण्याची ही नावे एकेक करून एका हिशेबवहीत जमा झाली. व्हिशीचे झरे तर फ्रेंच राज्याच्या मालकीचे; ते खाजगी कंपनीला चालवायला दिलेले होते. जनतेचे पाणी, त्याचा मक्ता कंपनीकडे आणि तेच पाणी जनतेला विकत, ही व्यवस्था नवउदारवादाने शोधून काढली असे समजणाऱ्यांनी व्हिशीचा इतिहास अवश्य पाहावा. रॉकफोर चीजचा प्रसिद्ध उद्योगही पुढे याच समूहात आला. व्हेर्जेझला बाटल्यांसाठी काचेचा कारखाना उभा राहिला. पाण्याचा धंदा खरे पाहता काचेचा, वाहतुकीचा आणि जाहिरातीचा धंदा आहे. भट्टीपाशी उभा असलेला, भरण्याच्या पट्ट्यावर बाटली तपासणारा आणि ट्रक हाकणारा, अशा सर्वांचे श्रम त्या बाटलीत भरलेले असतात. लेबलावर मात्र ‘निसर्ग’ असतो.

अमेरिकेवर स्वारी

१९७६-७७ पासून पेरिएने अमेरिकेत मोठी प्रचारमोहीम उघडली. त्या काळचे न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या काठावर होते. १९७५ च्या आर्थिक अरिष्टानंतर बँकांच्या दबावाखाली शहराने हजारो नगरपालिका कामगारांना घरी बसवले होते. याच शहराचे नळाचे पाणी मात्र अमेरिकेतील उत्कृष्ट पाण्यांपैकी एक म्हणून ओळखले जाते. कॅट्स्किल डोंगरांतील सार्वजनिक जलाशयांतून ते येते आणि कामगारांच्या पिढ्यांनी खणलेल्या बोगद्यांतून घरोघर पोहोचते. अशा शहरातील मॅरेथॉन शर्यतीला पेरिएने आश्रय दिला. प्रख्यात नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा घनगंभीर आवाज १९७९ साली दूरदर्शनवरील जाहिरातींसाठी भाड्याने घेण्यात आला. सार्वजनिक नळाचे पाणी पिणे म्हणजे मागासपणा आणि समुद्रापलीकडून काचेत भरून आलेले पाणी पिणे म्हणजे आरोग्य, तारुण्य आणि प्रतिष्ठा, हा विचार कोट्यवधी डॉलर खर्चून रुजवला गेला. रेगनच्या राजवटीत जो नवश्रीमंत तरुण वर्ग शेअरबाजाराच्या कृपेने फोफावला, त्याच्या हातातली हिरवी बाटली ही त्याची खूणच ठरली.

विक्री अनेक पटींनी वाढली. मग आयात करण्यावरच समाधान राहिले नाही. १९८० साली मेन राज्यातील ‘पोलंड स्प्रिंग’ आणि १९८७ साली कॅलिफोर्नियातील ‘ॲरोहेड’ हे अमेरिकी झरेही लेव्हेनच्या कंपनीने घेतले. पॅरिसमधला दलाल अमेरिकी भूगर्भातल्या पाण्याचा धनी झाला. भांडवलाला मायभूमी नसते, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

कामगाराच्या माथी खापर

फेब्रुवारी १९९० मध्ये या साम्राज्याला हादरा बसला, आणि तो ज्या जागेवरून बसला ती जागा मोठी मार्मिक आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील मेक्लेनबर्ग काउंटीच्या सरकारी प्रयोगशाळेत पाण्याच्या तपासण्या होत असत. तेथील कर्मचारी पेरिएचे पाणी शुद्ध पाण्याचा नमुना म्हणून प्रयोगात वापरीत. यंत्रावरील आकडे विचित्र येऊ लागले, तेव्हा त्यांनी उपकरणे तपासली, रसायने तपासली आणि शेवटी खुद्द ‘शुद्ध’ पाणीच तपासले. त्यात बेंझीन सापडले. कर्करोग उत्पन्न करणारे हे द्रव्य पिण्याच्या पाण्यात अब्जात पाच भागांपेक्षा अधिक असू नये, अशी अमेरिकेतील मर्यादा; पेरिएच्या बाटल्यांत ते अब्जात बारा ते वीस भागांच्या दरम्यान निघाले. जाहिरातींच्या सगळ्या डामडौलाला जे कळले नाही ते सार्वजनिक पगारावर काम करणाऱ्या काही तंत्रज्ञांनी उघडकीस आणले. खाजगी ‘शुद्धते’चे पितळ उघडे पाडले ते सरकारी प्रयोगशाळेने, हे खाजगीकरणाच्या भाटांनी लक्षात ठेवावे.

यानंतर कंपनीने जे केले ते भांडवलदारी नीतीचा धडा म्हणून जपून ठेवण्यासारखे आहे. पहिला खुलासा असा : अमेरिकेकडे जाणाऱ्या मालाच्या भरण्याच्या यंत्रावर कोणा कामगाराने सफाई करताना चुकून बेंझीन असलेले द्रावण वापरले, झरा निर्मळ आहे, दोष एका यंत्रापुरता आहे. म्हणजे झरा निर्दोष, मालक निर्दोष, व्यवस्थापन निर्दोष, आणि अपराधी कोण, तर हातात सफाईचा बोळा असलेला, नाव नसलेला एक मजूर!

हा खुलासा काही दिवससुद्धा टिकला नाही. अमेरिकेशी काही संबंध नसलेल्या, हॉलंड आणि डेन्मार्कमध्ये विकल्या गेलेल्या बाटल्यांतही बेंझीन निघाले. एका यंत्रावरच्या एका कामगाराची चूक इतक्या देशांत कशी पोहोचली, हा प्रश्न टाळणे अशक्य झाले, तेव्हा खरी गोष्ट सांगावी लागली. व्हेर्जेझच्या भूगर्भातून येणाऱ्या वायूतच बेंझीनचा अंश असतो. तो कोळशाच्या गाळण्यांतून काढून टाकावा लागतो, आणि त्या गाळण्या वेळेवर बदललेल्या नव्हत्या. गाळण्या केव्हा बदलायच्या, देखभालीवर किती खर्च करायचा, हे यंत्रावरचा मजूर ठरवीत नसतो. ते ज्या दालनात ठरते त्या दालनाच्या प्रमुखपदी लेव्हेन होता.

परंतु या कबुलीने याहूनही मोठे गुपित फुटले. गाळणीतून वायू जातो, याचा अर्थ पाणी आणि वायू एकत्र बाटलीत येतच नव्हते. पाणी वेगळे काढले जात होते, वायू वेगळा काढला जात होता, आणि कारखान्यात त्यांचे मिश्रण होत होते. ‘निसर्गतः बुडबुडणारे’ हे जे शब्द लेबलावर छापून अनेक पट भाव वसूल केला जात होता, तो निसर्ग कारखान्याच्या चार भिंतींत कामगारांच्या हातून तयार होत होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते शब्द लेबलावरून काढायला लावले.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी पॅरिसमध्ये पत्रकारांसमोर कंपनीने जगभरातील माल परत घेत असल्याचे जाहीर केले. एकूण सोळा कोटी बाटल्या बाजारातून मागे घेण्यात आल्या. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत यावर आजही चर्चा होते. कोणी म्हणतो, लेव्हेनने धैर्याने नुकसान सोसले; कोणी म्हणतो, खुलासे देण्याची पद्धत चुकली. दोन्ही पक्ष ज्याला ‘संकट’ म्हणतात ते भागांच्या किमतीचे संकट आहे. ज्या माणसावर जगभरच्या वृत्तपत्रांतून खोटे खापर फोडले गेले, त्याची जाहीर माफी मागावी काय, हा प्रश्न त्या चर्चेत कोणाला सुचत नाही. लेबलावर ‘नवे उत्पादन’ असे फ्रेंच शब्द छापून त्याच वर्षी पाणी पुन्हा बाजारात आले. लेव्हेनने १९९० सालीच, पंचाहत्तरी गाठल्यावर, अध्यक्षपद सोडले.

घबाडाची वाटणी

धनी खाली उतरताच झऱ्याभोवती गिधाडे जमली. फियाटवाले इटलीचे आन्येल्ली घराणे एका बाजूला, स्वित्झर्लंडची नेस्ले दुसऱ्या बाजूला. फ्रान्सच्या बी.एस.एन. या समूहाने नेस्लेशी संगनमत केले. व्होल्व्हिकचा झरा आपल्याला मिळावा, हा सौदा. काही महिन्यांच्या झटापटीनंतर १९९२ साली नेस्लेने पंधरा अब्ज फ्रँकहून अधिक किंमत मोजून पेरिए जिंकले. युरोपीय आयोगाने मोजदाद केली तेव्हा असे दिसले की नेस्ले, पेरिए आणि बी.एस.एन. या तिघांच्या हाती मूल्याच्या हिशेबाने फ्रान्सच्या बाटलीबंद पाण्याच्या बाजाराचा सुमारे ८२ टक्के भाग होता. जुलै १९९२ मध्ये आयोगाने सौद्याला मंजुरी दिली. अट एवढीच की व्हिशी, सँ-योर, थोनों, पिएरव्हाल हे झरे नेस्लेने तिसऱ्या कोणाला तरी विकावे. तीन मक्तेदारांऐवजी दोन मोठे आणि एक धाकटा, यालाच ‘स्पर्धेचे संरक्षण’ म्हणतात!

या व्यवहारात कामगारांना कोणी विचारले नाही. त्यांच्या कारखाना-समित्या युरोपीय न्यायालयात गेल्या. एप्रिल १९९५ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की कामगार-प्रतिनिधींना दाद मागण्याचा अधिकार आहे, परंतु केवळ प्रक्रियेतील हक्कांपुरता. विलीनीकरणामुळे नोकऱ्या जाणे हा आयोगाच्या निर्णयाचा थेट परिणाम मानता येत नाही. भागधारकाचा पैसा हलला तर तो थेट परिणाम, कामगाराची भाकरी हलली तर अप्रत्यक्ष, असा या न्यायाचा अर्थ. अर्ज फेटाळले गेले.

पुढचा सामना २००४ साली झाला. नेस्लेने फ्रान्समधील पाण्याच्या कारखान्यांतून हजाराहून अधिक जागा कमी करण्याची योजना मांडली. अल्पसंख्य संघटनांनी करारावर सह्या केल्या. परंतु व्हेर्जेझमध्ये बहुसंख्य कामगार सी.जी.टी. या लाल परंपरेच्या संघटनेबरोबर होते, आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने बहुमताच्या संघटनेला असा करार रोखण्याचा हक्क दिला होता. सी.जी.टी.ने तो वापरला. लगोलग नेस्लेच्या प्रमुखांकडून पेरिए विकून टाकण्याची धमकी आली. भांडवली वृत्तपत्रे मूठभर अडेलतट्टू कामगार राष्ट्राचे रत्न बुडवायला निघाल्याचा गिल्ला करू लागली. तत्कालीन अर्थमंत्री निकोला सार्कोझी यांनी मध्यस्थी केली आणि संघटनेला आपला विरोध मागे घ्यावा लागला. ही माघार होती, ती लपवण्यात अर्थ नाही. कायद्याने दिलेला हक्क भांडवलाच्या स्थलांतराच्या धमकीपुढे किती दिवस टिकतो, ते या प्रसंगाने कळले.

तरीही त्या लढ्यातून एक विलक्षण गोष्ट घडली. युरोपच्या नियमांनुसार खनिज जलाचे नाव त्याच्या झऱ्याशी बांधलेले असते. गावाने ‘ले बुयां’ या जागेचे अधिकृत नाव बदलून ‘सूर्स पेरिए – ले बुयां’, म्हणजे ‘पेरिए झरा’, असे केले, जेणेकरून कंपनीला ते नाव उचलून दुसऱ्या स्वस्त जागी नेता येऊ नये. ज्या नावावर लेव्हेनने साम्राज्य उभारले ते नाव गावकऱ्यांनी जमिनीला परत खिळवून टाकले.

चैनीतून गरजेकडे

पेरिए पोटात घेतल्यावर नेस्ले जगातील सर्वात मोठी पाणी विकणारी कंपनी झाली. लेव्हेनने जो धडा न्यूयॉर्कच्या धनिकांवर गिरवला, तो नेस्लेने आपल्या शेजारी देशात आणला. १९९८ साली पाकिस्तानात ‘प्युअर लाइफ’ हे पाणी विक्रीस आले. येथे झऱ्याची दंतकथाही नाही. भूगर्भातले पाणी उपसायचे, गाळायचे, त्यात क्षार मिसळायचे आणि विकायचे. शहरांतल्या सार्वजनिक नळाची जी दुर्दशा झाली होती, तीच या मालाची खरी जाहिरात. उपसलेल्या पाण्याबद्दल कंपन्या सरकारला जवळपास काहीच देत नव्हत्या. शेवटी २०१८ साली पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाला दर लिटरला एक रुपया आकार बसवावा लागला.

भारतातही हा प्रश्न पेटला तो त्याच काळात. केरळातील पालक्काड जिल्ह्यात प्लाचिमडा येथे कोका-कोलाच्या कारखान्याने चालवलेल्या उपशाविरुद्ध आदिवासींनी २००२ साली लढा उभारला. पेरुमाट्टी ग्रामपंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले आणि मार्च २००४ मध्ये कारखाना बंद पडला. व्हेर्जेझचे कामगार आणि प्लाचिमडाचे शेतमजूर यांना एकमेकांची नावेही ठाऊक नव्हती. एक झऱ्यावरची नोकरी वाचवायला लढत होता, दुसरा विहिरीतले पाणी वाचवायला. दोघांसमोरचा प्रश्न मात्र एकच होता : जमिनीखालचे पाणी कोणाचे?

या दोन लढ्यांत ताणही आहे आणि तो झाकून ठेवणे हे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारखाना चालू राहण्यात व्हेर्जेझच्या कामगाराचे हित आहे आणि उपसा थांबण्यात गावाच्या पाण्याचे. खाजगी मालकीच्या चौकटीत हा ताण सुटत नाही; मालक त्याचाच फायदा घेऊन एकाला दुसऱ्याविरुद्ध उभा करतो.

आणि आता ‘शुद्धते’चे पुढचे पर्व. जानेवारी २०२४ मध्ये ‘ल माँद’ आणि फ्रेंच सार्वजनिक नभोवाणीने उघडकीस आणले की नेस्लेच्या पाण्यांवर, त्यांत पेरिएवरही, अतिनील किरण आणि कोळशाच्या गाळण्या यांची प्रक्रिया केली जात होती. नैसर्गिक खनिज जलावर अशा निर्जंतुकीकरणास कायद्याने बंदी आहे; झऱ्याचे पाणी मुळातच निर्मळ असते, म्हणून तर त्याला तो भाव! कंपनीने २०२१ सालीच हे सरकारला सांगितले होते आणि सरकारने जनतेला सांगितले नव्हते. त्याच वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, व्हेर्जेझच्या एका विहिरीत विष्ठेतील जिवाणू सापडल्याने सुमारे वीस लाख बाटल्या नष्ट कराव्या लागल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये व्होज भागातील झऱ्यांच्या प्रकरणी कंपनीने वीस लाख युरो भरून खटला टाळला. मे २०२५ मध्ये फ्रेंच सेनेटच्या चौकशी समितीने आपल्या अहवालात राज्ययंत्रणेनेच हे प्रकरण दडवून ठेवल्याचा ठपका ठेवला.

या वेळी मात्र सफाई कामगाराला पुढे करता आले नाही. १९९० साली लेबलावरून ‘निसर्गतः’ हा शब्द पुसावा लागला होता. आता व्हेर्जेझच्या काही विहिरींचे पाणी ‘मेझों पेरिए’ या नव्या नावाने विकले जाते. बाटली हिरवीच आहे. तिच्यावर ‘नैसर्गिक खनिज जल’ हे शब्द नाहीत.